फॉलिक ॲसिडची गोळी सरकारी दवाखान्यातून: नोंदणी, कागदपत्रे आणि हुकणारी तारीख

फॉलिक ॲसिड हे बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूतल्या जन्मदोषाचा धोका कमी करणारे जीवनसत्त्व. त्याची गोळी आरोग्य केंद्रात फुकट मिळते, पण ज्या कामासाठी ती हवी असते ते काम बहुतेक जणींच्या बाबतीत गोळी हातात पडण्याआधीच होऊन गेलेले असते. गरोदरपणाच्या नोंदणीची मुदत हीच गोळीची मुदत समजली जाते, तिथे घोळ होतो.

समजा, शेवटची पाळी १ जूनला आली. पुढची २९ जूनच्या सुमारास यायला हवी. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या न्यूरल ट्यूबपासून बनतात, ती गर्भ राहिल्यावर (इथे १५ जूनच्या सुमारास) साधारण २८ दिवसांत, म्हणजे १३ जुलैच्या आसपास मिटते. नीट मिटली नाही तर पाठीचा कणा उघडा राहतो (स्पायना बायफिडा) किंवा कवटीच पूर्ण बनत नाही. पाळी चुकून तोवर जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. घरी तपासणी करून, सासूबाईंच्या कानावर घालून, आशाताईंना निरोप जाईपर्यंत ते दिवस सरतात. 'बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा' हे वाचून कोणी २४ ऑगस्टला आली, तर नोंदणी वेळेत होते, पण हा दोष टाळण्याची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून केंद्र सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाच्या सूचनांत स्पष्ट लिहिले आहे: मूल हवे असेल तेव्हापासून पहिले तीन महिने पुरे होईपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. पात्रता एवढीच. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, लग्नाचा दाखला यातले काहीही लागत नाही. आशाताई किंवा आरोग्यसेविका यांच्याकडे जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते. त्यात नाव आहे ना ते विचारा आणि 'आम्हाला मूल हवंय' हे मोकळेपणाने सांगा. लाजू नका.

इथेच पुष्कळ जणी परत पाठवल्या जातात. 'गोळ्या चौथ्या महिन्यापासून' असे सांगितले जाते. तो नियम लोहाच्या लाल गोळीचा आहे! त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते आणि ती चौथ्या महिन्यापासून रोज घ्यायची असते. नुसत्या फॉलिकच्या गोळीला तो नियम लावणे चूक आहे, आणि कर्मचाऱ्यांनीच हा गोंधळ करावा याचा संताप येतो. असे झाले तर केसपेपर काढून थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा आणि '४०० मायक्रोग्रॅम' असे लिहून घ्या. साठा नसेल तर तीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवा. पाकीट मात्र वाचून घ्या, कारण दुकानात सर्रास ५ मिलिग्रॅमची गोळी हातात ठेवतात. ती बारा पटींहून जास्त आहे आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.

मोठा डोस कोणाला? आधीच्या बाळाला असा दोष होता त्यांना, आणि फिटच्या काही औषधांवर असलेल्यांना. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी असे बाळ झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर दोष पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. यासाठी जुना सोनोग्राफी रिपोर्ट किंवा डिस्चार्ज कार्ड दाखवावे, पण तेच कोणाकडे नसते. बाळ गेल्यावर घरचे ते कागद फाडून टाकतात, नजरेसमोर नको म्हणून. हे समजण्यासारखे आहे. जिथे प्रसूती झाली तिथे अर्ज करून नक्कल मागा. तीही मिळाली नाही तर काय झाले ते तोंडी सांगा. कागद नाही म्हणून गप्प बसू नका. फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यांची चिठ्ठी सोबत न्या.

'रेशनचा फोर्टिफाइड तांदूळ खातो, मग गोळी कशाला?' हाही प्रश्न येतो. त्या जीवनसत्त्वे मिसळलेल्या तांदळात किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. दिवसाला पावशेर तांदूळ शिजवला तरी वीस ते तीस मायक्रोग्रॅमच पोटात जाते. त्यामुळे गोळी लागतेच. त्यातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे म्हणून निवडून फेकू नका, जीवनसत्त्वे त्याच दाण्यांत आहेत.

गर्भ राहिल्यावरची नोंदणी सोपी आहे: आधार, मोबाईल नंबर, बँक पासबुक आणि शेवटच्या पाळीची तारीख. माता-बाल संरक्षण कार्ड मिळते, त्यावरचा आरसीएच क्रमांक (तुमच्या गरोदरपणाचा सरकारी नोंदणी क्रमांक) जपा. तारीख अंदाजे सांगू नका. पहिल्या बाळासाठी पैशाची मदत देणाऱ्या मातृवंदना योजनेचा अर्ज त्याच तारखेपासून ५७० दिवसांत करावा लागतो. या योजनेसाठी मात्र रेशनकार्ड किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासारखा पात्रतेचा एक पुरावा लागतो आणि बँक खाते आधारला जोडलेले हवे.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल किंवा ऊसतोडीला बाहेर पडणार असाल, तर कार्ड आणि उरलेल्या गोळ्या सोबत न्या. तिथे नवी नोंदणी करू नका, जुना आरसीएच क्रमांकच सांगा.