जुन्या जीपच्या स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळत असेल तर: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

विलिज कंपनीने १९५३ साली बाजारात आणलेल्या आणि महिंद्राने आपल्याकडे अनेक वर्षे बनवलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-३बी जीपमध्ये रॉस पद्धतीचा ‘कॅम अँड लिव्हर’ स्टिअरिंग बॉक्स असतो. त्यातून तेल गळते म्हणून येणारे बहुतेक ग्राहक “फक्त ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून द्या” असे सांगतात. बॉक्स तपासल्याशिवाय आम्ही ते काम का घेत नाही, हे येथे सांगत आहोत.

स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला मळसूत्रासारखी खाच असलेला कॅम असतो. लिव्हर शाफ्टच्या दोन निमुळत्या पिना त्या खाचेतून सरकतात, शाफ्ट फिरतो आणि पिटमन आर्म (शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला बसवलेला दांडा) व त्याला जोडलेली ड्रॅग लिंक ही सळई यांच्यामार्फत चाके वळतात. शाफ्ट जेथून बाहेर येतो तेथे बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी धातूची नळी, आणि त्याच्या तोंडाशी सील असते. खड्ड्यातून चाकाला बसणारा प्रत्येक धक्का या बुशपर्यंत पोहोचतो. बुश झिजले की शाफ्ट आतल्या आत हलू लागतो आणि हलत्या शाफ्टवर नवे सील बसवले, तरी त्याची कड एका बाजूला दबते, दुसऱ्या बाजूला उघडी पडते आणि थोड्याच दिवसांत पुन्हा थेंब पडू लागतो.

आमच्याकडे आलेल्या एका जीपचे सील तीनदा बदललेले होते. पिटमन आर्म हाताने नुसता वर-खाली केला, तरी शाफ्टच्या कडेने तेल बाहेर येत होते. आणि शाफ्ट पुसून त्यावरून नख फिरवले, तेव्हा सीलच्या जागी ते अडकेल एवढी चर पडलेली होती. बॉक्समध्ये, गळू नये म्हणून, ग्रीस भरलेले होते. ग्रीसमध्ये कॅमने स्वतःपुरती पोकळी करून घेतली होती आणि वरच्या बेअरिंगचे छर्रे कोरडे पडून गंजले होते. ग्रीस एकदा बाजूला सारले गेले की परत जागेवर येत नाही, म्हणून या बॉक्समध्ये ९० नंबरचे गिअर ऑइलच घालावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

काम घेतल्यावर आम्ही प्रथम बॉक्स धुऊन तेल नेमके कोठून येते ते पाहतो, कारण बाजूच्या झाकणाचे गॅस्केटच फाटलेले असेल तर खर्च अगदी थोडा येतो. पिटमन आर्म पुलर (ओढून काढायचे हत्यार) लावूनच काढतो. हातोड्याने ठोकल्यास आतील पिना आणि कॅम दुखावण्याची भीती असते. बुश झिजले असल्यास नवे दाबून बसवून शाफ्टच्या मापाने रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवतो. शाफ्टवरची चर उथळ असेल तर सील थोडे आत किंवा बाहेर सरकवून त्याची कड कोऱ्या जागी आणता येते. खोल असेल तर हार्ड क्रोम करून (क्रोमचा कठीण थर चढवून) ग्राइंडिंग करावे लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च आम्ही आधी कळवतो.

जोडणी करताना दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) जाडीचे शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, घालून प्रथम कॅमची बेअरिंग बसवतो आणि त्यानंतरच, ड्रॅग लिंक सुटी ठेवून, झाकणावरच्या स्क्रूने पिनांची ढिलाई काढतो. हा स्क्रू चाके सरळ असतानाच्या स्थितीतच लावायचा असतो, कारण मध्यावर खाच मुद्दाम थोडी घट्ट ठेवलेली असते; वळणावर ढिलाई काढली तर स्टिअरिंग मध्यावर येताच अडकते. म्हणून स्टिअरिंग ढिले वाटले तरी तो स्क्रू घरी आवळू नये.

गाडी आणताना बॉक्समध्ये यापूर्वी काय भरले होते आणि सील कधी बदलले होते, हे आठवत असल्यास जरूर सांगावे. काढलेले जुने बुश आणि सील आम्ही आपल्या हाती देतो. गाडी नेल्यानंतर पंधरा दिवसांनी एकदा दाखवावी. बॉक्समधील तेलाची पातळी आणि पिटमन आर्मचा नट आम्ही विनामूल्य तपासून देतो.