व्हॉल्व्ह लिनिअर

हौशी रेडिओ केंद्रात ट्रान्सीव्हर (संकेत पाठवणारा आणि ऐकणारा संच) आणि अँटेना यांच्यामध्ये बसणारा, निर्वात नलिकांवर चालणारा शक्तिप्रवर्धक. मुंबईतले हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, त्याला नुसते ‘लिनिअर’ म्हणतात आणि नलिकेला व्हॉल्व्ह. बाजारातल्या ट्रान्सीव्हरची शक्ती साधारण १०० वॅट असते. भारतात जनरल श्रेणीच्या परवानाधारकाला ४०० वॅटपर्यंत मुभा आहे, रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ५० वॅटची. त्यामुळे परदेशी मासिकांतले दीड किलोवॅटचे आराखडे इथे तसेच्या तसे उतरवण्यात अर्थ नाही. १०० चे ४०० वॅट झाले की वाढ होते ६ डेसिबेलची, म्हणजे पलीकडच्या माणसाच्या मीटरवर जेमतेम एक एस-युनिट, संकेताच्या जोराच्या मोजपट्टीवरचे एक घर. तेवढाच फायदा चांगल्या अँटेनातूनही मिळतो, आणि तो ऐकतानाही मिळतो. पण सोसायटीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि डिश यांच्यामधून तार ओढायला मिळाली तरी पुष्कळ, अशी ज्यांची स्थिती आहे ते लिनिअरकडे वळतात. शेजारच्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा खरखराट मात्र त्याने तसूभरही कमी होत नाही.

शहराचे आणि व्हॉल्व्हच्या प्रेषकांचे नाते जुने आहे. १९४२ मध्ये उषा मेहता आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर ऐकू येई. या तरंगलांबीची वारंवारता ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते, म्हणजे आजच्या हॅमच्या ४० मीटर बँडातच. युद्धानंतर लष्कराच्या जादा मालातून ८०७ आणि ८१३ हे व्हॉल्व्ह हौशी लोकांच्या हाती आले. पुढे बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने देशातच व्हॉल्व्ह बनवले. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, सुट्या भागांसाठी अजूनही फेरी होते, पण दुकानांवर आता संगणक आणि सीसीटीव्हीचे राज्य आहे. व्हॉल्व्हचा बैठा सॉकेट, रुंद फटींचा व्हेरिएबल कंडेन्सर किंवा चिनी मातीचा इन्सुलेटर हवा असेल तर चोर बाजार, भंगारवाले आणि जुन्या हॅमची कपाटे हाच मार्ग.

मांडणी. घरी बांधायला सर्वांत सोपी मांडणी ग्राउंडेड ग्रिडची. दोन ८१३ समांतर जोडायचे, त्यांच्या सगळ्या ग्रिड (आतल्या जाळ्या) चॅसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, बांधायच्या आणि ट्रान्सीव्हरचा संकेत फिलामेंटमधून (तापणाऱ्या तारेतून) आत सोडायचा. प्रत्येक ८१३ चा फिलामेंट १० व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. ही १० अँपिअरची वाट मोकळी राहावी आणि रेडिओ संकेत मात्र ट्रान्सफॉर्मरकडे पळू नये, म्हणून फेराइट रॉडवर दोन जाड तारा जोडीने गुंडाळून चोक करतात. प्लेटवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रोडवर, २,००० व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअर दिले की आत जाणारी शक्ती ६०० वॅट होते, आणि ६० टक्के कार्यक्षमता धरली तर अँटेनाकडे ३६० वॅट जातात. नियमात बसणारा हा सोयीचा आकडा आहे.

प्लेटला या स्थितीत ४,००० ओहमहून थोडा अधिक भार हवा असतो, तर अँटेनाकडे जाणाऱ्या कोॲक्स केबलचा इंपीडन्स ५० ओहम असतो. हा सांधा पाय-नेटवर्क जुळवते : प्लेटच्या बाजूला ‘ट्यून’ कंडेन्सर, मध्ये कॉइल, अँटेनाच्या बाजूला ‘लोड’ कंडेन्सर. वरच्या बँडांची कॉइल फ्रीज-एसी दुरुस्तीच्या तांब्याच्या नळीतून उत्तम होते. लोडच्या जागी जुन्या रेडिओचा गँग कंडेन्सर चालून जातो, कारण तिथे व्होल्टेज कमी असते. ट्यूनच्या जागी तो लावला तर पहिल्याच शब्दाला ठिणगी पडते. प्लेटच्या तारेत लहानसा सप्रेसर, म्हणजे रोधकावर गुंडाळलेले दोन-तीन वेढे, टाकतात, नाहीतर व्हॉल्व्ह व्हीएचएफवर, म्हणजे फार वरच्या वारंवारतांवर, आपणहून आंदोलन करू लागतो. हा रोधक जळालेला दिसला तर तसे घडून गेले असे समजावे.

उच्च दाबाचा (व्होल्टेजचा) पुरवठा. खरे जिवावरचे काम इथे आहे. ४५० व्होल्टचे, २२० मायक्रोफॅरडचे सहा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकसर जोडले तर धारिता उरते सुमारे ३७ मायक्रोफॅरड. २,००० व्होल्टला त्यांत ७० जूलहून अधिक ऊर्जा साठते, आणि माणूस मारायला ती पुरते. प्रत्येक कंडेन्सरवर १०० किलोओहमचा ब्लीडर, म्हणजे साठा उतरवणारा रोधक, असेल तर स्विच बंद केल्यावर दाब उतरायला जवळजवळ दोन मिनिटे लागतात, आणि एखादा ब्लीडर तुटलेला असेल तर तो उतरतच नाही. म्हणून क्रम ठरलेला : प्लग भिंतीतून काढायचा, थांबायचे, मीटर शून्यावर आल्याचे पाहायचे आणि मग चॅसिसला तारेने बांधलेली इन्सुलेटेड काठी प्लेटच्या टोपीला टेकवायची. मीटरवर विसंबून काठी वगळणे हा शहाणपणा नव्हे. झाकण उघडताच पुरवठा तोडणारा इंटरलॉक स्विच बसवणेही आवश्यक. चालू करताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत रोधक घालून, क्षणभराने रिलेने तो बाजूला काढतात, म्हणजे रिकामे कंडेन्सर भरताना घरचा फ्यूज उडत नाही.

निगा. मुंबईत लिनिअरचा शत्रू आहे ओलावा. पावसाळ्यात धूळ आणि खारी हवा मिळून इन्सुलेटरवर पातळ थर बसतो, त्यावरून ठिणगी जाते आणि काळी रेघ पडते. एकदा कोळसा झालेला भाग पुसून सुटत नाही, बदलावाच लागतो. अॅल्युमिनियमच्या जोडांवर पांढरी पूड धरते आणि अर्थिंग कच्चे होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, स्क्रू सोडवून पुन्हा आवळणे आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा फिलामेंट तासभर पेटवून आतली हवा कोरडी ठेवणे एवढे केले तरी पुष्कळ साधते. फिलामेंटचे व्होल्टेज थेट सॉकेटच्या पिनांवर मोजावे. ८१३ साठी ते ९.५ ते १०.५ व्होल्टमध्ये राहायला हवे.

वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये थोडा वायू साचतो. त्याला आधी काही तास नुसता फिलामेंट देतात, मग डिमरस्टॅटने (दाब कमीजास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) प्लेटचा दाब हळूहळू चढवतात. जुने इलेक्ट्रोलिटिकही याच पद्धतीने जागे करतात. काचेच्या आतल्या बाजूला चिकटलेली निळी झाक निरुपद्रवी असते, पण इलेक्ट्रोडांमधल्या पोकळीत जांभळट धुके दिसले तर व्हॉल्व्ह गेला. ३-५००झेड या व्हॉल्व्हची प्लेट मंद लाल होणे नेहमीचेच आहे. इतर बऱ्याच व्हॉल्व्हमध्ये लाली म्हणजे ट्यूनिंग चुकले.

ट्यूनिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडलेल्या रोधकावर) आणि कमी ड्राइव्हने, म्हणजे आत सोडलेल्या कमी शक्तीने, सुरू करतात. ट्यून फिरवून प्लेटच्या करंटचा डिप (सर्वांत कमी आकडा) शोधायचा, लोड थोडा उघडायचा, पुन्हा डिप घ्यायचा. प्रत्येक वेळी काही सेकंदच. ड्राइव्ह जास्त झाला की लगतच्या वारंवारतांवर आवाज फाटून पसरतो, आणि बँडवरची मंडळी ते सांगायला संकोच करत नाहीत.

२१ मेगाहर्ट्झची तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेचा नको असलेला संकेत, ६३ मेगाहर्ट्झवर, म्हणजे जुन्या व्हीएचएफ टीव्हीच्या पहिल्या पट्ट्यात पडते. छतावरच्या अँटेनांच्या काळात शेजाऱ्यांशी भांडण व्हायला तेवढे पुरे असे. आता केबल आणि डिशमुळे ती तक्रार विरली आहे. तिची जागा इंटरकॉम, संगणकाचे स्पीकर आणि टच-स्विच यांनी घेतली आहे, आणि त्यावर इलाज म्हणून त्यांच्या वायरीला फेराइटच्या रिंगा घालाव्या लागतात.