वाढ्याचं दूध होतं, ते कुणामुळे?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरकडच्या गोठ्यांत उसाच्या वाढ्याचे, म्हणजे शेंड्याकडच्या हिरव्या पानांचे, भारे येऊन पडतात. पान असं करकरीत की हात कापावा. त्यातलं सेल्युलोज, म्हणजे पानाचे चिवट तंतू, फोडणारं विकर (एन्झाइम) गायीच्या शरीरात तयारच होत नाही. ते काम करतात तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या सगळ्यात मोठ्या कप्प्यातले, जिवाणू, आदिजीव (एकपेशीय सूक्ष्मजीव) आणि बुरशा. मोठ्या गायीच्या कोठीपोटात शंभर लिटरच्या आसपास ऐवज असतो आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १,००० कोटी जिवाणू. तिथं ऑक्सिजन जवळपास नाही, त्यामुळे सगळा मामला आंबवण्याचा. त्यातून ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी आम्लं निघतात, कोठीपोटाच्या भिंतीतून रक्तात उतरतात आणि गायीची सुमारे ७० टक्के ऊर्जा भागवतात. दुधातल्या फॅटचा जवळपास निम्मा भाग कासेत मुख्यतः ॲसेटिक आम्लापासूनच घडतो. दूध वाढावं म्हणून वैरण कमी करून पेंड-भरडा वाढवला, की कोठीपोटात आम्ल साचतं, तंतू फोडणारे जिवाणू मागे पडतात आणि फॅट घसरतो. तेव्हा फॅट लागत नाही म्हणून डेअरीवर भांडायला जाण्याआधी गव्हाणीत डोकवावं हे बरं.

आता दुधातले जिवाणू. ते कोठीपोटातून थेट येत नाहीत. निरोगी कासेतल्या दुधात ते फार थोडे असतात. मुळात तिथं त्यांची कायमची वस्ती असते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. खरी भर पडते ती सडाचं टोक, शेणानं भरलेली कास, धार काढणाऱ्याचे हात आणि नीट न धुतलेली किटली यांतून. पहिल्या चार धारांत सडाच्या नळीतले जिवाणू असतात, म्हणून त्या वेगळ्या भांड्यात काढायच्या. त्यात गुठळ्या दिसल्या तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, शंका घ्यायची. धार काढल्यावर ही नळी अर्धा तास तरी उघडी राहते. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली की जिवाणूंना वाट मोकळी. जाणते गवळी धारेनंतरच वैरण टाकतात ते यासाठी. गाय खात उभी राहते.

जिवाणू किती, याचा अंदाज एका निळ्या रंगावरून येतो. १० मिलिलिटर दुधात १ मिलिलिटर मेथिलीन ब्लूचं द्रावण घालून परीक्षानळी ३७ अंशांवर ठेवतात. जिवाणू ऑक्सिजन संपवतात तसा रंग उडतो. पाच तास निळं राहिलं तर दूध उत्तम, अर्ध्या तासात पांढरं झालं तर गचाळ. ४ अंशांवर गार केल्यानं वाढ मंदावते, पण स्यूडोमोनाससारखे जिवाणू थंडीतही वाढतात. त्यांची काही विकरं तापवूनही टिकतात आणि पुढं दूध कडवट करतात.

राहिला प्रश्न कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळणाऱ्या धारोष्ण ग्लासाचा. तिथं म्हशी असतात, पण हिशेब तोच. ताजेपणामुळे जिवाणूंना वाढायला वेळ मिळत नाही हे खरं. मात्र जनावराला ब्रुसेलोसिस (माणसालाही होणारा जिवाणूजन्य रोग) किंवा क्षय असेल तर त्याचे जंतू धारेतूनच येऊ शकतात, आणि ते मरायला ७२ अंशांवर १५ सेकंद पुरतात. घरची एक उकळी त्याहून जास्तच झाली. फेसाची मजा तेवढी जाते, हे कबूल.