डब्यावरची दोन बारीक अक्षरं

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात माझी दीडशे सीसीची गाडी नुसतीच ओरडायला लागली. ॲक्सिलरेटर पिळला की आवाज वाढे, वेग नाही. मागे बायको, दोन बॅगा आणि वर मेचं ऊन. गंमत अशी की चारच दिवसांपूर्वी मी गाडीचे लाड केले होते. नेहमीच्या मिनरल ऑइलऐवजी महागडं ‘फुल सिंथेटिक’ घातलं होतं. पुढच्या गावातल्या मिस्त्रींनी डिकीतला उरलेल्या ऑइलचा डबा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “साहेब, हे कारचं आहे. क्लच स्लिप होणारच की.”

कारमध्ये इंजिनचं ऑइल इंजिनपुरतं असतं. गिअरबॉक्सला वेगळं ऑइल, आणि गिअर हाताने टाकायच्या गाड्यांत क्लच बहुधा कोरडाच. मोटरसायकलला एवढी चैन नाही. एक लिटरभर ऑइल पिस्टनलाही घसरतं ठेवतं, गिअरच्या दातांनाही वंगण देतं आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. पेट्रोल वाचावं म्हणून कारच्या अनेक ऑइलांत घर्षण आणखी कमी करणारी रसायनं घालतात. क्लचचं तर सगळं काम घर्षणावर चालतं. प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरलं नाही, तर इंजिन फिरतं आणि चाक मागे राहतं.

यावर जपान्यांनी १९९८ साली जासो नावाचं मानक आणलं. ओला क्लच धरून ठेवणारं ऑइल ‘एमए’, आणि ज्या स्कूटरांचा क्लच बेल्टच्या बाजूला कोरडा असतो त्यांच्यासाठी जास्त निसरडं ‘एमबी’. पुढे २००६ मध्ये एमएचे दोन भाग झाले, एमए१ आणि एमए२. एमए२ची पकड जास्त. म्हणजे माझ्या गाडीत गुन्हा सिंथेटिकचा नव्हताच. डब्यावर ती दोन अक्षरं नव्हती आणि मी बघितलंही नव्हतं.

मग सिंथेटिक म्हणजे नेमकं काय? मिनरल ऑइल कच्च्या तेलातून निवडून काढतात, रेशनचे तांदूळ निवडावेत तसं. कितीही निवडलं तरी त्यात लांब-आखूड, सरळ-वाकडे, कड्यांचे, मेणाचे असे नाना रेणू राहतातच. पीएओ हे अस्सल सिंथेटिक मात्र बांधून काढतात. इथिलीन वायूपासून दहा कार्बनचे तुकडे करायचे आणि ते तीन-तीन, चार-चार जोडत न्यायचे. रेणू जवळजवळ एकाच मापाचे निघतात. आता खरी मेख. कच्च्या तेलाचाच माल प्रचंड दाबाखाली हायड्रोजनमध्ये शिजवून त्याचे रेणू मोडून-जुळवूनही फार चांगलं ऑइल होतं. त्याला ग्रुप तीन म्हणतात. त्याला सिंथेटिक म्हणावं का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात वाद झाला आणि १९९९ साली तिथल्या जाहिरातींच्या पंचांनी ‘म्हणा’ असा कौल दिला. तेव्हापासून ‘फुल सिंथेटिक’ हा शब्द चांगलाच सैल झाला आहे.

थंडीत सिंथेटिक लवकर वाहतं, हा त्याचा नेहमीचा बडेजाव. ‘१०डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांना घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ला. आपल्याकडे वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठले की त्याची बातमी होते. लडाखला हिवाळ्यात जाणाऱ्याने हा हिशोब करावा, कोथरूडहून हिंजवडीला जाणाऱ्याने कशाला?

फायदा आहे तो गरमीत, आणि त्याची चर्चा कमी होते. ऑइल तापलं की पातळ होतं. ते फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांबलचक साखळ्यांचं पॉलिमर घालतात. गार असताना या साखळ्या लोकरीच्या गुंड्यासारख्या गोळा होऊन बसतात, तापल्या की सुटून पसरतात आणि दाटपणा टिकवून धरतात. पण बाइकमध्ये हेच ऑइल गिअरच्या दातांमधून जातं आणि दात या साखळ्यांचे तुकडे पाडतात. डब्यावरचा डब्ल्यूनंतरचा आकडा म्हणजे तापल्यावरचा दाटपणा; काही हजार किलोमीटरनंतर ‘५०’चं ऑइल ‘४०’सारखं वागू शकतं. चालवणाऱ्याला हे कळतं ते पायाला: गिअर खटकन पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. चांगल्या सिंथेटिकचा दाटपणा गरमीत मुळातच कमी उतरतो. त्यामुळे त्याला पॉलिमर कमी लागतं आणि तुटायलाही कमीच असतं.

दुसरा फायदा कमी उडून जाण्याचा. मिनरलमधले हलके रेणू तापल्यावर वाफ होऊन जातात. प्रयोगशाळेत ऑइल तासभर २५० अंशांवर तापवून किती उडालं ते मोजतात. आजकालच्या इंधन वाचवणाऱ्या कार-ऑइलांना १५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. लिटरभरच ऑइल असलेल्या, वाऱ्यावर गार होणाऱ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये वारा नसताना, थोडं उडालं तरी जाणवतं. शिवाय दर दहा अंशांना ऑइल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे.

म्हणून मेमध्ये तासन्‌तास हायवेवर गाडी ताणणाऱ्याने, किंवा रोज गर्दीत तासभर रांगणाऱ्याने सिंथेटिकवर पैसे घालावेत. शंभर सीसीवर बारा किलोमीटर शांतपणे जाऊन येणाऱ्याला कंपनीने सांगितलेलं साधं ऑइल वेळेवर बदललं की पुरतं. दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर प्रश्न वेगळा. इंजिन पुरतं तापत नाही, पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साचतं. झाकण उघडलं की आत ताकासारखा पांढरट फेस दिसतो. यावर कुठल्याच महागड्या डब्याचा उपाय नाही, तिथे किलोमीटर सोडून कॅलेंडर बघायचं. ऑइल काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नका. काजळी धरून ठेवण्याचं काम ते करतंय एवढंच.

त्या दिवशी मिस्त्रींनी ड्रेन नट काढून माझं जवळजवळ नवं ऑइल कापलेल्या कॅनमध्ये उतरवलं. सोनेरीच होतं अजून. साधं एमए२ भरलं आणि म्हणाले, “प्लेटा जळल्या नसतील तर धरेल हळूहळू.” धरलं. साताऱ्यापर्यंत जरा घसरत, परतीच्या बोगद्यात ठणठणीत. कॅनमधलं ते ऑइल त्यांनी स्वतःच्या जुन्या कारसाठी ठेवून घेतलं.