गडावरचं नाव: रंगवलेलं आणि कोरलेलं

गडाच्या तटावर ऑइलपेंटने काढलेला बदाम आणि आत दोन नावं दिसली की सगळ्यांचंच डोकं फिरतं. आतल्या देवडीत किल्लीच्या टोकाने कोरलेलं बोटभर नाव मात्र कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. खरं नुकसान त्या बोटभर नावाने जास्त केलेलं असतं.

रंग दगडावर चढतो, म्हणून उतरवता येतो. खडू-कोळसा पाण्याने आणि मऊ ब्रशने जातो. ऑइलपेंट आणि स्प्रे चिवट. सह्याद्रीच्या काळ्या दगडाला, म्हणजे बेसॉल्टला, बारीक छिद्रं असतात, त्यांत रंग मुरतो. जाणकार मग मातीत किंवा कापसात सॉल्व्हंट (रंग विरघळवणारं द्रव) भिजवून लेप लावतात, वरून प्लास्टिकने झाकतात आणि रंग लेपात ओढून घेतात. एका लेपात तो क्वचितच सुटतो, आणि संरक्षित गडावर असं रसायन लावायला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. घात होतो तो उत्साहाने. तारेचा ब्रश मारला की दगडाचा वरचा थर जातो, शिवाय अडकलेल्या लोखंडी कणांमुळे पुढे गंजाचे डाग उमटतात. ॲसिड ओतलं तर दगडांमधला चुना फसफसून विरघळतो. अशी सफाई पाहिली की रंग परवडला असं वाटतं.

कोरलेल्या नावात वर काही चढलेलं नसतं, होतं तेच गेलेलं असतं. ते पुसायचं तर आजूबाजूचा दगडही तितकाच खोल घासावा लागेल. गिलाव्यावरचा ओरखडा फार तर जुळत्या चुन्याने भरता येतो. भित्तिचित्र असेल तर तेवढंही नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने १८१९ च्या एप्रिलमध्ये चित्रावर आपलं नाव आणि तारीख ओरबाडली. दोनशे वर्षांनंतरही ती अक्षरं तिथेच आहेत, कारण त्यांच्याखालचं चित्र परत आणणार कुठून?

यावर एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं: रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांनी नाही का नाव कोरलं? कोरलं, ‘सेवेचे ठायी तत्पर’ म्हणून. पण त्यांनी आधी गड बांधला होता!

कायदा रंग आणि ओरखडा असा भेद करत नाही, जागेचा करतो. शहरातली भिंत विद्रूप केली तर राज्याच्या १९९५ च्या कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. केंद्राच्या संरक्षित स्मारकावर तेच केलं तर १९५८ च्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

पकडलेल्या पोरांना उठाबशा काढायला लावून व्हिडिओ फिरवण्याची आता पद्धतच पडली आहे. मला ती आवडत नाही. भिंत तशीच राहते आणि चर्चा व्हिडिओची होते. त्यापेक्षा खुणेचा फोटो आधी काढून ठेवावा, कारण एकदा धुतलं की पुरावाही जातो. रंग किंवा खडू ओला-ताजा असेल तर पहारेकऱ्यासमोर ज्याचा त्यालाच पुसायला लावता येतो. कोरणाऱ्याच्या हाती ब्रश देऊन काही साधत नाही. तिथे खात्याकडे आणि पोलिसांत तक्रार करायची, आणि पुढच्या शनिवार-रविवारी देवडीत दोन माणसं उभी करायची.