व्हाइटवॉलवरचा काळा मळ आणि तांबूस डाग, दोघांना एकाच ब्रशने घासू नका

बाइकच्या व्हाइटवॉल टायरची, म्हणजे बाजूला पांढरी पट्टी असलेल्या टायरची, ती पट्टी खराब दिसायला लागली की आपण सरळ म्हणतो टायर घाण झाला. पण त्या पट्टीवर दोन वेगळ्या गोष्टी बसतात आणि दोघांचा इलाजही वेगळा आहे. एक म्हणजे काळा-करडा मळ, तो रस्त्यावरून येतो. दुसरा पिवळट-तांबूस डाग, तो टायरच्या रबरातूनच वर येतो. लांबून दोन्ही सारखेच कळकट दिसतात, म्हणून लोक डागालाही मळासारखंच घासत बसतात, निघत नाही म्हटल्यावर आणखी कडक काहीतरी आणतात, मग डाग तिथेच राहतो आणि पट्टीचा गुळगुळीत थर मात्र खरवडून जातो. हे बघून खरंच जीव तुटतो, कारण जुन्या बाइकच्या साइजमध्ये पांढऱ्या पट्टीचा चांगला टायर मिळवायला किती फिरावं लागतं ते ज्याने शोधलाय त्यालाच माहीत.

मळाचं प्रकरण सोपं आहे. रस्त्याची धूळ, ब्रेक पॅडची भुकटी, मागच्या चाकावर चेनमधून उडालेलं ल्यूब, आणि मुंबईत त्यात मेट्रोच्या आणि रीडेव्हलपमेंटच्या कामांची सिमेंटची धूळ, पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी. हे सगळं वरवर बसलेलं असतं. आधी नुसतं पाणी मारून रेती काढून टाका, ही पायरी कोणी चुकवू नका, कारण रेतीसकट घासलं की पांढऱ्या रबरावर बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्याच चऱ्यांत जाऊन बसतो. मग भांडी घासायचं लिक्विड आणि नायलॉनचा मऊ ब्रश, टायर थंड असताना, सावलीत. सिमेंट सुकून चिकटलं असेल तर ओलं फडकं थोडा वेळ लावून ठेवा, चाकूने खरवडू नका. बस.

खरा घोळ तांबूस डागाचा. हवेत ओझोन असतो, तो रबराच्या रेणूंवर हल्ला करतो आणि ताणल्या जाणाऱ्या साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, बारीक भेगा पाडतो. ते टाळायला काळ्या रबरात अँटिओझोनंट मिसळतात, त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं म्हणजे ६पीपीडी. हे रबरातून हळूहळू पृष्ठभागाकडे सरकत राहतं आणि रबराच्या आधी स्वतःच ओझोनला भिडतं, त्यातून जे बनतं ते तपकिरी असतं. साध्या काळ्या टायरच्या बाजूला कधी कधी चॉकलेटी झाक येते ना, ती हीच, तिला ब्लूमिंग म्हणतात. (२०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं की याच ६पीपीडीपासून बनणारं एक रसायन पावसाच्या पाण्यातून ओढ्यांत जाऊन कोहो साल्मन मासे मारतं, त्यामुळे टायर घासलेलं पाणी गटारात सोडताना मला तरी बरं वाटत नाही.)

पांढरी पट्टी मात्र वेगळ्या रबराची असते. तिच्यात काळी कार्बनची पूड नसते, पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि डाग पाडणारी रसायनं मुद्दाम टाळून ओझोनला मुळातच टिकणारं ईपीडीएमसारखं रबर वापरतात. गंमत अशी की टायर आधी सगळेच फिकट रंगाचे असायचे. १९१० च्या दशकात झीज कमी व्हावी म्हणून कार्बन घालायला लागले, तेही काही टायरना फक्त रस्त्याला लागणाऱ्या भागात, म्हणून बाजू पांढरी राहिली. आता उलटं आहे, टायर सगळा काळा आणि वर पांढरा पातळ थर. म्हणजे पट्टीच्या मागेही काळं रबर आणि शेजारीही काळं रबर, तिथून रसायन पांढऱ्यात झिरपतं आणि हवा-ऊन लागलं की तांबूस होतं. नवीन व्हाइटवॉलवर जो निळा लेप असतो तो याच कारणासाठी, गोडाउनमध्ये रचून ठेवलेल्या दुसऱ्या टायरचं काळं रबर पट्टीला लागू नये म्हणून. तो साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून काढायचा, सुका खरवडायचा नाही.

ओळखायचं कसं? पट्टीचा एक छोटासा भाग साबणाने धुवा. फेस काळा आला आणि खाली पांढरं दिसलं तर तो मळ. फेस स्वच्छ येतोय तरी पट्टी पिवळीच, तर डाग. मळ ओबडधोबड असतो, कुठे जास्त कुठे कमी, चेनच्या बाजूला तेलकट. डाग एकसारखा पसरलेला असतो आणि काळ्या-पांढऱ्याच्या सीमेलगत जास्त गडद. आणि बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून महिनोन्‌महिने उभी असलेली बाइक पण पिवळी पडते, तिथे रस्त्याचा काय संबंध.

डागासाठी आधी साबणाने मळ पूर्ण काढा, मग मेलामाइनचा पांढरा स्पंज ओला करून हलक्या हाताने फिरवा, किंवा खास व्हाइटवॉलचा क्लीनर. काही जुने लोक बारीक वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) मारतात, चालतो, पण दर वेळी थोडं रबर जातं म्हणून मी तो अगदी शेवटी ठेवेन. आत मुरलेला डाग पूर्ण निघत नाही आणि थोडी ऑफ-व्हाइट पट्टी जुन्या बाइकला वाईट दिसत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

पेट्रोल आणि रॉकेल तर लावूच नका, गॅरेजवाला कितीही म्हणाला तरी. त्याने रबर फुगतं, आतलं संरक्षक रसायन ओढून निघतं, पहिल्या दिवशी पट्टी चकचकीत दिसते आणि मग पुन्हा पिवळी. तारेच्या घासणीचे तुकडे रबरात अडकून आपल्या दमट हवेत गंजतात आणि नारिंगी ठिपके पडतात. बाथरूमचं ॲसिड क्रोम आणि स्पोक खातं, कडक अल्कली असलेला क्लीनर ॲल्युमिनियमच्या रिमवर डाग पाडतो.

टायर शाइनचं वेगळं सांगतो. ऑइल बेस शाइन काळ्या भागावर मारलं की ते पसरत पांढऱ्यावर येतं आणि पट्टी पिवळी होते. पण बाइकवर त्याहून मोठा धोका म्हणजे ते ट्रेडवर (रस्त्याला लागणाऱ्या भागावर) किंवा ब्रेकच्या डिस्कवर जाणं, वळणावर बाइक टायरच्या कडेवरच झुकते. लावायचंच तर वॉटर बेस, फडक्याने, फक्त काळ्यावर. स्प्रे नको.

मळ पावसाळ्यात दर आठवड्याला काढा, काही बिघडत नाही. तांबूस डागाच्या मागे मात्र वर्षातून एक-दोनदाच लागा, कारण घासताना पट्टीला लागून असलेला काळा भागही घासला जातो आणि तिथला संरक्षक थर निघतो. टायरवरचा चार आकडी कोड पण बघून घ्या, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पट्टीच्या कडेला बारीक भेगा दिसत असतील तर घासणं सोडा, टायर बदला.