कूलरची जाहिरात मागे का लागते?

एप्रिल लागला की नागपुरात घरोघरी एकच चर्चा: कूलरच्या ताट्या बदलायच्या की नवा कूलर घ्यायचा? आणि दर उन्हाळ्यात कुणीतरी सांगतंच, "आम्ही नुसतं बोललो, तर मोबाइलवर कूलरच्याच जाहिराती! फोन आपलं ऐकते नं बाप्पा!"

अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही त्यांना सापडलं नाही. जाहिरातवाल्यांना कान लावण्याची गरजच नसते. घरात कुणीतरी कूलरचे भाव शोधलेले असतात, तेवढं पुरतं.

वेब मुळात विसराळू आहे. तुम्ही एका पानावरून दुसऱ्यावर गेलात, की सर्व्हरच्या, म्हणजे ते पान पाठवणाऱ्या संगणकाच्या, लेखी तुम्ही नवेच. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली यांनी कुकी आणली. सर्व्हर एक छोटी नोंद पाठवतो, ब्राउझर ती जपतो आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना परत दाखवतो. लॉगिन टिकतं ते यामुळेच.

पण एक पान एकाच सर्व्हरवरून येत नाही. नागपुरातल्या सीताबर्डीवरच्या एखाद्या दुकानाच्या वेबसाइटवर जाहिरात कंपनीचं एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असू शकतं. ते आणताना ब्राउझरला त्या कंपनीची कुकी मिळते. तिच्यात असतो फक्त एक लांबलचक क्रमांक. संध्याकाळी तुम्ही बातम्या वाचता. तिथेही त्याच कंपनीची चौकट असते, आणि ब्राउझर तोच क्रमांक इमानदारीनं पाठवतो. नाव कळलं नाही तरी दुपारी कूलर पाहणारा हाच, हे कंपनीला कळलं. लॅपटॉपवर फायरफॉक्समध्ये एफ१२ दाबून 'स्टोरेज' उघडा. कोणत्या सर्व्हरची कुकी, तिची मुदत कधी संपते, सगळं तिथे दिसतं.

ॲपलच्या सफारी ब्राउझरनं २०२० मध्ये अशा परक्या, म्हणजे उघडलेल्या वेबसाइटच्या नसलेल्या, कुकीज सरसकट अडवल्या. फायरफॉक्सनं २०२२ पासून सर्वांना दिलेला उपाय मला त्याहून देखणा वाटतो: प्रत्येक वेबसाइटला वेगळा डबा. कुकी साठवताना ती कुणाची एवढंच नव्हे, तर त्या वेळी ॲड्रेस बारमध्ये कोणती वेबसाइट होती हेही पाहिलं जातं. दुकानाच्या डब्यातला क्रमांक बातम्यांच्या पानावर मिळतच नाही. तिथे कंपनीला नवा द्यावा लागतो, आणि दोघांचा मेळ बसत नाही. कॅशचीही, म्हणजे पुन्हा आणावी लागू नयेत म्हणून ब्राउझर साठवून ठेवतो त्या चित्रांच्या साठ्याचीही, अशीच विभागणी करावी लागली, कारण साठवलेल्या चित्राच्या ईटॅगमध्येही (सर्व्हरनं त्या चित्राला लावलेल्या खुणेत) ओळखक्रमांक दडवता येतो. कॅशपुरती ही विभागणी गूगलच्या क्रोम ब्राउझरनंही केली आहे.

परक्या कुकीज बंद करू, असं गूगलनं २०२० मध्ये जाहीर केलं, मुदत वाढवत नेली आणि २०२४ मध्ये बेत सोडला. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीकडून वेगळी अपेक्षा नव्हती, तरी मला हे चुकीचंच वाटतं.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो, उघडली की आपण अदृश्य होतो, हीसुद्धा अंधश्रद्धाच. विंडो बंद केल्यावर इतिहास पुसला जातो, पण तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक, वेबसाइटला दिसतोच. 'एका क्लिकमध्ये संपूर्ण प्रायव्हसी' विकणाऱ्या ॲप्सवर तर मुळीच पैसे घालवू नका.

क्रोम वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जाऊन थर्ड-पार्टी, म्हणजे या परक्या, कुकीज स्वतः बंद करा. एखादं पान अडलं, तर तेवढ्या वेबसाइटपुरती सूट देता येते.